हात नसलेला जगज्जेता : रोबोटिक्स स्पर्धांतील साधेपणाचे गणित

गेल्या काही वर्षांत रोबोटिक्स हा विषय अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून निघून शाळेच्या वर्गापर्यंत येऊन पोहोचला आहे. अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून देशभरातील शाळांत उभ्या राहिलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे आणि गोव्यात शालेय विद्यार्थ्यांना कोडिंग व रोबोटिक्स शिकविणाऱ्या ‘केअर्स’ योजनेमुळे मोटर, सेन्सर, गिअर हे शब्द सहावी-सातवीच्या मुलांच्या बोलण्यात सहज येऊ लागले आहेत. विषय आला की त्याच्या मागोमाग स्पर्धा येते. आणि स्पर्धा आली की मुलांबरोबर शिक्षकांची आणि पालकांचीही झोप उडते.

अशा स्पर्धेचे नियम हाती पडले की बहुतेक संघांच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर एक यादी तयार होते. आपला रोबो चेंडू उचलेल, तो उंचावरच्या टोपलीत टाकेल, अडथळा ओलांडेल आणि शेवटी दांड्याला लटकूनही दाखवील. प्रत्येक कामाला गुण आहेत, म्हणून प्रत्येक काम यादीत जाते. महिना-दीड महिन्याने तो रोबो मैदानात उतरतो तेव्हा त्याला सगळेच थोडे थोडे येत असते आणि काहीच नीट येत नसते. या अवस्थेला मराठीत फार जुनी म्हण आहे : एक ना धड, भाराभर चिंध्या.

या स्पर्धांतील अनुभवी मार्गदर्शक नव्या संघांना जो सल्ला पुनःपुन्हा देतात, तो ऐकायला अगदीच साधा आहे. ‘आपला रोबो काय काय करू शकेल?’ असे विचारू नका. ‘कोणते एक काम तो प्रत्येक वेळी करू शकेल?’ असे विचारा. हा सल्ला कित्येकांना मिळमिळीत वाटतो. मुलांची स्वप्ने छाटणारा वाटतो. तो तसा का नाही, आणि त्यामागे कोणते गणित आहे, हे समजून घेण्यासाठी एका खऱ्या स्पर्धेकडे पाहावे लागेल.

अटलांटा, एप्रिल २००८

अमेरिकन संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स आपल्या विद्यार्थ्यांना एकसारख्या सामानाची पेटी देत, त्यातून यंत्रे बनवायला लावत आणि मग त्या यंत्रांची आपसांत लढत लावत. ही लढत आणि केमन यांची संस्था यांच्या मिलाफातून ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ आकाराला आली. न्यू हॅम्पशर राज्यातील मँचेस्टर शहरात १९९२ साली पहिली स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते २८. आज माध्यमिक विद्यार्थ्यांच्या जगातील प्रमुख रोबोटिक्स स्पर्धांमध्ये तिची गणना होते. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. प्रत्येक सामन्यात तीन-तीन संघांच्या दोन आघाड्या एकमेकींसमोर उभ्या राहतात. त्या काळी रोबो बांधून पूर्ण करण्यासाठी सहा आठवडे मिळत.

२००८ च्या खेळाचे नाव होते ‘ओव्हरड्राइव्ह’. मैदान शर्यतीच्या धावपट्टीसारखे होते. मधोमध दुभाजक आणि आडवा गेलेला, साधारण साडेसहा फूट उंचीचा पूल. रोबोंनी घड्याळाच्या उलट दिशेने फेऱ्या मारायच्या. प्रत्येक आघाडीचे दोन प्रचंड चेंडू होते, प्रत्येकाचा व्यास ४० इंच. रोबोने स्वतःची रेषा ओलांडून फेरी पूर्ण केली की २ गुण. चेंडू घेऊन तो पुलावरून पलीकडे टाकला की ८ गुण. सामना संपताना चेंडू पुलावर ठेवलेला असेल तर १२ गुण. सुरुवातीच्या १५ सेकंदांत रोबो चालकाविना धावायचा आणि तेव्हा ओलांडलेल्या प्रत्येक रेषेला ४ गुण मिळायचे. सगळा सामना सव्वादोन मिनिटांचा.

हे आकडे पाहून कोणाच्याही मनात काय येईल? फेरीला २ आणि चेंडूला ८, म्हणजे चेंडू पुलावरून टाकणे हे चार फेऱ्यांच्या बरोबरीचे. तेव्हा चेंडू उचलणारा भक्कम हात बांधायला हवा. बहुतेक संघांनी याच दिशेने विचार केला आणि तो चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. पण टेक्सास राज्यातील ग्रीनव्हिल येथील ‘रोबोरँग्लर्स’ या १४८ क्रमांकाच्या संघाने वेगळा रस्ता धरला. त्यांच्या ‘टंबलवीड’ नावाच्या रोबोला चेंडू उचलून पुलापलीकडे टाकणारा हातच नव्हता. तो फक्त धावायचा. फेऱ्या मारायचा आणि वाटेत चेंडू आला तर त्याला पुढे रेटायचा.

एप्रिल २००८ मध्ये अटलांटा येथील जॉर्जिया डोममध्ये जागतिक अंतिम स्पर्धा झाली. विजेत्या आघाडीत तीन संघ होते : कॅनडातील ऑन्टारिओचा ‘सिंबॉटिक्स’ (क्रमांक १११४), मिशिगनचा ‘थंडरचिकन्स’ (क्रमांक २१७) आणि हात नसलेला रोबो घेऊन आलेला १४८. पहिले दोन संघ चेंडू पुलावरून टाकण्यात वाकबगार होते. आता मघाचा एक आकडा पुन्हा आठवू : प्रत्येक आघाडीचे चेंडू दोनच होते. दोन उत्तम चेंडूफेके रोबो असलेल्या आघाडीत तिसराही चेंडूफेका आला असता तर त्याच्या वाट्याला चेंडू उरलाच नसता. तिथे हवा होता तो न थकता, न अडखळता धावणारा गडी. तो १४८ कडे होता.

या विजयातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, साधेपणा ही दुबळ्या संघाची अगतिकता नसते. रोबोरँग्लर्स हा अनुभवी व साधनसंपन्न संघ होता. हात बांधणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी तो बांधला नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. व्यूहरचना साधी होती, यंत्र मात्र निकृष्ट नव्हते. टंबलवीडची चाके हव्या त्या दिशेला वळू शकत, त्यामुळे अंग न वळवता तो दिशा बदलत असे. हात बांधण्यात खर्च झाले असते ते दिवस, ते वजन आणि ती बुद्धी धावण्याच्या एकाच कामात ओतली गेली होती. कामे कमी केली की उरलेल्या कामाला न्याय देता येतो. साधेपणाचे हे पहिले सूत्र आहे.

साखळीचे गणित

अवघड यंत्रे ऐन वेळी का फसतात, याचे कारण नशिबात शोधण्याची गरज नाही. ते आठवीच्या गणितात सापडते. समजा, एक गुण मिळविण्यासाठी रोबोला पाच पायऱ्या पार कराव्या लागतात : वस्तूपर्यंत जाणे, तिच्यासमोर नीट उभे राहणे, पकडणे, उचलणे आणि योग्य जागी सोडणे. प्रत्येक पायरी दहांपैकी नऊ वेळा जमते असे मानू. सरावात असा रोबो पाहणाऱ्याला तो ‘जवळपास तयार’ वाटेल. पण पाचही पायऱ्या एकापाठोपाठ जमण्याची शक्यता काढायची तर ०.९ ला पाच वेळा गुणावे लागते. उत्तर येते ०.५९. म्हणजे शंभर प्रयत्नांपैकी एकेचाळीस वेळा रोबो रिकाम्या हाताने परतणार.

आता दुसरा रोबो घ्या. त्याचे काम दोनच पायऱ्यांचे आहे : वस्तूपर्यंत जाणे आणि ती ढकलणे. पायऱ्या कमी असल्याने संघाला सरावाला वेळ मिळाला आणि प्रत्येक पायरी शंभरांत पंचाण्णव वेळा जमू लागली. दोन्ही मिळून शक्यता ०.९० च्या आसपास. पहिल्या रोबोतील एकही भाग वाईट नव्हता. साखळी लांब होती, इतकेच.

या साखळीत केवळ प्रोग्रॅमच्या पायऱ्या नसतात. जास्तीची मोटर म्हणजे जास्तीची वायर, आणि वायर म्हणजे ऐन वेळी निसटू शकणारे एक टोक. जास्तीचा सांधा म्हणजे ढिला होऊ शकणारा एक बोल्ट. वाढलेले वजन म्हणजे बॅटरीवर वाढलेला ताण. स्पर्धेच्या दिवशी रोबो गाडीतून हेलकावे खात आलेला असतो, दोन सामन्यांच्या मध्ये मोजकी मिनिटे मिळतात, आणि शेजारच्या संघाचा रोबो त्याला धडका देऊन गेलेला असतो. अशा वेळी ज्या यंत्रात बिघडण्यासारखे कमी, ते यंत्र पुढे राहते.

गुण, वेळ आणि भरवसा

काम निवडताना बहुतेक जण त्याला किती गुण आहेत एवढेच पाहतात. खरे तर तीन आकडे एकत्र पाहावे लागतात : गुण, लागणारा वेळ आणि यशाचे प्रमाण.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सामना १५० सेकंदांचा आहे. पहिल्या कामाला १० गुण आहेत, त्याला १५ सेकंद लागतात आणि ते दहांपैकी नऊ वेळा जमते. दुसऱ्या कामाला ४० गुण आहेत, त्याला ५० सेकंद लागतात आणि ते दहांपैकी तीन वेळा जमते. पहिले काम सामन्यात दहा वेळा करता येईल आणि सरासरीने ९० गुण देईल. दुसरे तीन वेळा करता येईल आणि सरासरीने ३६ गुण देईल. चौपट गुणांचे काम निम्म्याहून कमी कमाई करते आहे.

हेच उदाहरण उलट बाजूनेही वाचता येते. दुसरे काम पहिल्याची बरोबरी केव्हा करील? हिशेब केला तर दिसते की, ते चारांपैकी तीन वेळा जमू लागले की दोन्ही कामे ९० गुणांवर येतात. त्याहून अधिक वेळा जमले तर अवघड काम सरस ठरते. म्हणजे अवघड कामाला कायमची बंदी नाही, त्याच्यापुढे एक उंबरठा आहे. सरावात वीस प्रयत्न करून त्यांतले पंधरा जमत असतील, तर खुशाल ते काम मैदानात न्यावे. वीसांतले सहा जमत असतील, तर आशेवर न्यायचे नाही. वहीत टिपलेले असे वीस प्रयत्न संघातल्या तासभराच्या वादावादीपेक्षा अधिक मोलाचे असतात.

इथे एक सावधगिरी हवी. सगळ्या स्पर्धांत गुण एकाच रीतीने मोजले जात नाहीत. जिथे प्रत्येक सामना क्रमवारीत धरला जातो, तिथे सातत्याला किंमत. पण लहान मुलांच्या ‘फर्स्ट लेगो लीग’ स्पर्धेत रोबोचे तीन सामने होतात आणि त्यांतला सर्वोत्तम तेवढा धरला जातो. तिथे दहांपैकी तीन वेळा जमणारे काम तीन सामन्यांत किमान एकदा जमण्याची शक्यता ६६ टक्क्यांच्या आसपास जाते. अशा ठिकाणी थोडा धोका पत्करणे शहाणपणाचे असते; मात्र तो धोका हातचे गुण सांभाळून घ्यावा. खात्रीची कामे आधी, धोक्याचे काम सर्वांत शेवटी. शेवटचे काम फसले तरी आधीचे गुण कुठे जात नाहीत. पहिलेच फसले आणि रोबो मैदानाच्या मध्यावर अडकून बसला, तर मागची सगळी रांग कोसळते.

नियमपुस्तिका हीच पहिली हत्यारपेटी

कोणते काम साधे आणि कोणते लाभाचे, हे शेवटी नियम ठरवितात. म्हणून साध्या व्यूहरचनेचा उगम कारागिरीत नसतो. नियम बारकाईने वाचण्यात असतो. याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

आशियातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘एबीयू रोबोकॉन’ ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. यजमान देश आपल्या संस्कृतीतून खेळ घडवितो, ही तिची खासियत. ती पुण्यात २००८ मध्ये झाली तेव्हा विषय होता चक्क दहीहंडी. नवी दिल्लीत २०२२ मध्ये ती झाली तेव्हा आपली लगोरी रोबोंच्या हाती आली. पुण्यालाच २०१४ मध्ये पुन्हा यजमानपद मिळाले; त्या वर्षी पालक-रोबोने बाल-रोबोला सीसॉ, झोका अशा खेळांवरून न्यायचे होते. त्या खेळात सगळी कामे पूर्ण करणारा संघ ‘शाब्बास’ मिळवून तिथल्या तिथे विजयी ठरत असे. व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली.

‘सगळे पूर्ण केले की सामना संपला’ असा नियम असला की साधेपणाचा अर्थच बदलतो. तिथे एकच काम पुनःपुन्हा करण्यात हशील नाही. तिथे साधी व्यूहरचना म्हणजे शेवटच्या पायरीपर्यंतचा सर्वांत सरळ रस्ता शोधणे आणि त्या रस्त्यावर नसलेली प्रत्येक गोष्ट यंत्रातून काढून टाकणे. अटलांटात जो विचार शहाणपणाचा ठरला, तोच जसाच्या तसा पुण्यात आणला असता तर फसला असता.

दुसरे उदाहरण याहून जुने आहे आणि ते विद्यार्थ्यांच्या नव्हे, अभियंत्यांच्या स्पर्धेचे आहे. पण आज अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांतही हा खेळ रंगतो. आपली वाट आपण शोधत चक्रव्यूह पार करणारा यांत्रिक उंदीर बनवा, असे आव्हान ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने १९७७ मध्ये दिले. त्याची अंतिम फेरी १९७९ मध्ये न्यूयॉर्कला झाली. काही उंदीर नकाशा लक्षात ठेवणारे, विचार करून वळणारे होते. पण चक्रव्यूहातून बाहेर पडण्याची जागा कडेला होती. भिंतीला अंग घासत नुसते धावत राहणाऱ्या उंदराला नकाशाची गरजच नव्हती. भिंतच त्याला बाहेर नेत होती. तेव्हा असे ‘बिनडोक’ पण वेगवान उंदीर हुशार उंदरांना भारी पडले.

पुढच्या वर्षी युरोपात ही स्पर्धा भरविताना जॉन बिलिंग्जली यांनी गंतव्यस्थान चक्रव्यूहाच्या मध्यभागी हलविले. मध्यभागाच्या भिंती बाहेरच्या भिंतींपासून सुट्या असू शकतात. त्यामुळे कडेच्या भिंतीला धरून धावणारा उंदीर गोल फिरून होता तिथे परत येतो. एका नियमाने एक व्यूहरचना निकालात निघाली आणि उंदरांना विचार करणे भाग पडले. साधी व्यूहरचना ही त्या-त्या नियमांपुरतीच साधी असते. गेल्या वर्षीचा जिंकलेला रोबो कपाटातून काढून यंदा उभा करणाऱ्या संघाने साधेपणा नव्हे, आळस निवडलेला असतो.

टेबलावरचा साधेपणा

शाळकरी मुलांच्या स्पर्धांत साधेपणा प्रत्यक्षात कसा दिसतो? फर्स्ट लेगो लीगचे मैदान म्हणजे सुमारे आठ फूट लांब व चार फूट रुंद टेबल. अडीच मिनिटांत रोबोने त्यावरची कामे चालकाविना करायची असतात. घरच्या जागेबाहेर असताना रोबोला हात लावून तो मध्येच थांबविला तर टोकन जाते आणि टोकनबरोबर गुण जाऊ शकतात. म्हणजे अडलेला रोबो उचलून आणण्याचीही किंमत मोजावी लागते. असे असताना पुढील गोष्टी कामी येतात.

पहिली गोष्ट अंतर मोजण्याची. ‘दोन सेकंद पुढे जा’ असा प्रोग्रॅम सकाळी भरलेल्या बॅटरीवर वेगळे अंतर कापतो आणि दुपारी उतरलेल्या बॅटरीवर वेगळे. ‘चाकाचे तीन फेरे होईतो जा’ असे सांगितले तर बॅटरीचा हा परिणाम बराचसा टळतो. मोटरमध्ये फेरे मोजण्याची सोय आधीच असते. ती वापरायला जास्तीचा एकही भाग लागत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. रोबो वळताना दर वेळी थोडा चुकतो आणि या चुका साचत जातात. त्यावर महागडा सेन्सर हाच एक उपाय नव्हे. रोबोची पाठ टेबलाच्या काठाला हलकेच टेकवली की तो आपोआप सरळ होतो. मागच्या सगळ्या चुका तिथे पुसल्या जातात आणि पुढचा प्रवास नव्याने सुरू होतो.

तिसरी गोष्ट सुरुवातीच्या जागेची. निघताना रोबो एखाद्या अंशाने तिरपा ठेवला गेला तर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो बोटभर भलतीकडे जातो. म्हणून त्याला टेकवून ठेवण्यासाठी तुकड्यांची एक साधी चौकट बनवितात. प्रत्येक वेळी रोबो त्याच जागी, त्याच कोनात उभा राहतो.

चौथी गोष्ट हातांची. प्रत्येक कामासाठी वेगळा जोड बसविणारे संघ जोड बदलण्यातच बहुमोल सेकंद घालवितात. दोन-तीन कामे एकाच फेरीत, एकाच साध्या काठीने वा पात्याने होत असतील तर तो रस्ता आधी पाहावा. ढकलणे हे उचलण्यापेक्षा सोपे, आणि ओढणे हे पकडण्यापेक्षा. ज्या कामाला मोटर लागत नाही, त्या कामात मोटर बिघडत नाही.

साधेपणाची मर्यादा

साधेपणाचा असा पुरस्कार करताना त्याची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख अपुरा राहील. फक्त सोपी कामे करणाऱ्या संघाच्या गुणांना छत असते. जिल्हा पातळीवर जो रोबो पहिला आला, तोच राष्ट्रीय पातळीवर मधल्या फळीत दिसतो. कारण तिथे भरवशाचे आणि अवघड असे दोन्ही साधणारे संघ आलेले असतात. सिंबॉटिक्स व थंडरचिकन्स यांचे चेंडू पुलावरून गेले नसते, तर टंबलवीडच्या फेऱ्यांनी एकट्याने जगज्जेतेपद आणले नसते, हेही तितकेच खरे.

म्हणून साधेपणाकडे पहिली पायरी म्हणून पाहावे. एक काम निवडा, ते डोळे मिटून भरवसा ठेवावा इतके पक्के करा, मग दुसरे जोडा. दुसरे जोडताना पहिले डळमळले, तर दुसरे काढून टाका. हे काढून टाकणे मुलांना सर्वांत जड जाते. चार रात्री जागून बनविलेला हात रोबोवरून उतरवून ठेवायचा आणि त्याच्याविना मैदानात जायचे, यासाठी नवे काही बांधण्यापेक्षा अधिक धीर लागतो. ज्या मार्गदर्शकाने मुलांना हा निर्णय स्वतः घेऊ दिला, त्याने त्यांना यंत्रशास्त्रापलीकडचेही काही शिकविले म्हणायचे.

यंत्र नेमके कोणाचे?

या साऱ्यात खरोखर पणाला लागलेली गोष्ट चषकाहून मोठी आहे. रोबो जितका गुंतागुंतीचा, तितका तो मुलांच्या हातून निसटत जातो. सातवीच्या मुलाला समजत नाही असा प्रोग्रॅम कोणी तरी मोठा माणूस लिहितो. त्याला जोडता येत नाही असा भाग बाहेरून बनवून येतो. मग स्पर्धेच्या दिवशी मुले यंत्राजवळ उभी असतात, पण ते अडले की सगळ्यांच्या नजरा प्रेक्षकांत बसलेल्या सरांकडे वळतात. चषक मिळाला तरी त्या मुलाला मनातून ठाऊक असते की हे आपण केलेले नाही. आणि नाही मिळाला, तर काय चुकले हेही त्याला सांगता येत नाही.

साध्या रोबोचे तसे नसते. त्याचा प्रत्येक बोल्ट कोणी आवळला हे संघाला माहीत असते. तो अडखळला तर बारा वर्षांची मुलगी पाना घेऊन खाली बसते आणि पाच मिनिटांत त्याला उभा करते. फर्स्ट लेगो लीगमध्ये टेबलावरच्या खेळाइतकेच वजन रोबोची रचना, संशोधन प्रकल्प आणि संघभावना यांना दिले जाते, आणि परीक्षक प्रश्न मुलांनाच विचारतात. ‘हा जोड असाच का?’ या प्रश्नाला ‘आधी असा केला होता, वीसांतून सहा वेळाच जमला, म्हणून बदलला’ असे उत्तर देणारे मूल परीक्षकांच्या लक्षात राहते. ते उत्तर पाठ करून देता येत नाही.

आणखी एक बाब आपल्याकडच्या शाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. काणकोण वा सत्तरीतल्या, किंवा सीमाभागातल्या एखाद्या मराठी शाळेकडे शहरातल्या मोठ्या शाळेइतके सामान, पैसा, मार्गदर्शक नसतात. सामानाच्या शर्यतीत ती शाळा उतरली तर हरणार हे ठरलेलेच. पण नियमपुस्तिका सगळ्यांना सारखीच मिळते. तिचे वाचन, वीस प्रयत्नांची वही, भिंतीला टेकून सरळ होण्याची युक्ती, काम वगळण्याचा निर्णय यांतल्या कशालाच पैसे पडत नाहीत. साधी व्यूहरचना ही म्हणूनच या स्पर्धांतील सर्वांत समान वाटली गेलेली साधनसामग्री आहे.

येत्या हंगामात एखादा संघ नव्याने उभा राहत असेल, तर त्याने पहिल्या आठवड्यात यंत्राला हातच लावू नये. नियम दोनदा वाचावेत, प्रत्येक कामापुढे गुण आणि अंदाजे वेळ लिहावा, आणि मग यादीतली निम्मी कामे खोडावीत. उरलेल्या वेळाचा निम्मा भाग बांधणीला आणि निम्मा सरावाला राखून ठेवावा. आणि सरावात रोबो सलग दहा वेळा तेच काम करू लागला, की मगच फळ्याकडे वळून खोडलेल्या कामांपैकी कोणते परत आणायचे ते मुलांनाच ठरवू द्यावे.